दाराबाहेर जन्मलेले गाणे

डिस्को हा शब्द आपल्या वस्त्यांतून फारशा आदराने घेतला जात नाही. केस वाढवून, चमकता शर्ट घालून नाक्यावर उभा राहणारा पोरगा दिसला की, “मोठा डिस्को झालाय!” असे म्हणण्याची पद्धत होती. वडीलधाऱ्या मंडळींच्या मते डिस्को म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचे रात्रीचे थेर. हे मत कोठून आले ते समजण्यासारखे आहे. आपल्याकडे डिस्को दिसला तो पंचतारांकित हॉटेलांच्या काचेआड किंवा सिनेमाच्या पडद्यावर. परंतु त्याच्या जन्माची हकीकत पाहू गेल्यास चित्र निराळे दिसते. ज्यांना कोठेच बसू-उठू दिले जात नव्हते अशा माणसांनी डिस्को उभा केला. त्या काळी न्यूयॉर्कला नाचलेली माणसे आज सत्तरी-पंचाहत्तरीच्या घरात आहेत, आणि त्या रात्रींची आठवण निघाली की आजही त्यांचा चेहरा उजळतो. असे काय होते त्या नाचात? वाचकहो, यावेळी त्याचीच गोष्ट सांगावयाची आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘डिस्कोथेक’ हा फ्रेंच शब्द. पुस्तके ठेवतात ते ग्रंथालय, तसे तबकड्या ठेवतात ते डिस्कोथेक. पुढे त्याचा अर्थ झाला, वाजंत्री न बोलावता नुसत्या रेकॉर्डवर नाचण्याची जागा. यात खर्च कमी, हे आमच्यासारख्या हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्याच्या चटकन लक्षात येते. वाजवणारे दहा जण परवडत नाहीत, तेथे एक यंत्र आणि दोन भोंगे पुरतात.

अशा जागेची सर्वांत जास्त गरज कोणाला होती? न्यूयॉर्कमधील काळ्या लोकांना, पोर्टो रिकोहून आलेल्या मजुरांच्या पोरांना आणि समलिंगी स्त्रीपुरुषांना. पुरुषाने पुरुषाबरोबर नाच केला तर त्या शहरात पोलीस पकडून नेत. २८ जून १९६९ च्या पहाटे स्टोनवॉल इन नावाच्या बारवर अशीच धाड पडली. यावेळी मात्र लोक मुकाट्याने पोलिसांच्या गाडीत बसले नाहीत. रस्त्यावर उतरले, आणि पुढे कित्येक रात्री ती निदर्शने चालली. दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर आठच महिन्यांनी, १४ फेब्रुवारी १९७० रोजी, डेव्हिड मॅनक्युसो नावाच्या तरुणाने ब्रॉडवे रस्त्यावरील आपल्या राहत्या जागेत मित्रमंडळींना नाचायला बोलावले. जागा कसली, एका जुन्या इमारतीतला कारखान्यासारखा लांबलचक माळा. म्हणून लोक तिला ‘द लॉफ्ट’ म्हणू लागले. हा मॅनक्युसो अनाथाश्रमात वाढलेला. तेथील एक नन मुलांसाठी रेकॉर्ड लावून, फुगे बांधून छोटे समारंभ करीत असे. त्या खोलीची आठवण त्याने जन्मभर जपली आणि मोठेपणी तशीच खोली स्वतः उभी केली. छताला फुगे, भोवती दिव्यांच्या माळा, टेबलावर फळे, सुकामेवा आणि सरबत. दारूची विक्री नाही. वर्गणी दोन-अडीच डॉलर, तीत खाणेही आले. आमंत्रण असलेल्यालाच प्रवेश असे, पण आमंत्रण कोणाला द्यायचे हे कातडीच्या रंगावरून किंवा खिशावरून ठरत नव्हते. त्या माळ्यावर काळा हमाल, गोरा शिक्षक, पोर्टो रिकोची शिवणकाम करणारी मुलगी आणि घरच्यांनी हाकलून दिलेला तरुण एकाच फळीवर नाचू शकत होते. मध्यरात्री सुरू झालेला नाच सकाळपर्यंत चाले. आवाज स्वच्छ असावा, कानाला त्रास होऊ नये, यावर मॅनक्युसोचा फार कटाक्ष. नाचून थकलेल्या माणसाने कान दुखवून घेऊन घरी जाऊ नये, असे त्याचे म्हणणे. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतील डीजेवाल्यांनी हे वाक्य लिहून ठेवावे.

येथे वाजणारी गाणी रेडिओने ठरवलेली नव्हती. कॅमेरूनचा सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो याची १९७२ सालची ‘सोल मकोसा’ ही तबकडी अशीच. ती फुटबॉल स्पर्धेसाठी केलेल्या गाण्याच्या मागच्या बाजूला भरलेली होती. मॅनक्युसोच्या हाती ती लागली, माळ्यावर वाजली, नाचणाऱ्यांनी उचलून धरली, आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जाऊन बसली. आफ्रिकेतला वादक आणि अनाथाश्रमातला पोरगा यांनी मिळून मोठमोठ्या कंपन्यांना आपल्या मागे यायला लावले.

डिस्कोचा ठेका कसा असतो हे लेझीम खेळलेल्या माणसाला फार सांगावे लागत नाही. एक, दोन, तीन, चार, प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारखाच ठोका. मधल्या जागेत झांजेची सळसळ. मिनिटाला साधारण १२० ठोके. फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग या काळ्या ढोलवादकाने १९७३ साली ‘द लव्ह आय लॉस्ट’ या गाण्यात हा ठेका असा काही वाजवला की पुढे सारे जग त्याच्यावरच नाचले. या ठेक्याचा गुण असा की तो कोणाला बाहेर ठेवत नाही. शिकलेला नाचतो, न शिकलेलाही नाचतो. पायाला एवढेच कळावे लागते की पुढचा ठोका येणार आहे, आणि तो येतोच. ब्राँक्स या गरीब भागातील पोर्टो रिकोच्या पोरांनी जोडीने नाचण्याचा ‘हसल’ हा प्रकार काढला तो याच दिवसांत. ब्राँक्समध्ये त्या काळी घरेच्या घरे जळत होती आणि १९७५ साली खुद्द न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या दारात उभे होते. त्याच वर्षी हसलच्या नावाने व्हॅन मॅकॉयने केलेले गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

गाणी त्या काळी तीन मिनिटांची असत. नाचात रंग भरला की गाणे संपे. टॉम मोल्टन या माणसाने यावर उपाय काढला. ढोलाचा भाग वाढवून, गाणे पुन्हा जुळवून त्याने ते लांबवले. एकदा सात इंची कोरी तबकडी शिल्लक नव्हती म्हणून त्याने मोठ्या तबकडीवर गाणे कोरून घेतले. रेषा विरळ पडल्या आणि आवाज दणदणीत आला! त्यातून बारा इंची तबकडी निघाली. १९७६ मध्ये ‘टेन पर्सेंट’ हे गाणे अशा तबकडीवर प्रथम बाजारात विक्रीला आले. आज लग्नाच्या हॉलमध्ये डीजे एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता जातो. त्या कसबाचे मूळ या दिवसांत आहे.

आता बायकांविषयी. डिस्कोचे मोठे आवाज बहुतेक काळ्या बायकांचे आहेत. ग्लोरिया गेनर ही न्यू जर्सीची. १९७८ साली रंगमंचावर पडून तिच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. त्या अवस्थेत, पाठीला पट्टा बांधून तिने एक गाणे ध्वनिमुद्रित केले. सोडून गेलेला माणूस दारात परत आला असता त्याला दार दाखवणाऱ्या बाईचे ते गाणे, ‘आय विल सर्व्हाइव्ह’. कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकले. डिस्कोतल्या तबकडी वाजवणाऱ्यांनी बाजू उलटली, लोकांनी ते गाणे आपलेसे केले, आणि १९७९ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. १९८० साली ग्रॅमी पुरस्कारात डिस्कोसाठी वेगळे पारितोषिक ठेवले होते. ते एकदाच दिले गेले, ते याच गाण्याला. नवऱ्याने टाकलेल्या, आजारातून उठलेल्या कितीतरी बायका जगभर या गाण्यावर नाचल्या.

डोना समर हिला डिस्कोची राणी म्हणत. तिची एक हकीकत आम्हाला फार मोलाची वाटते. एका समारंभाच्या रात्री, एका रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात काम करणारी बाई थकून बसल्या जागी डुलक्या घेताना तिला दिसली. त्यावरून तिने १९८३ साली कष्टकरी बाईचे गाणे केले. इतकेच नव्हे, तर त्या कामकरी बाईला आपल्या शेजारी उभे करून तिचे छायाचित्र तबकडीच्या वेष्टनावर छापले. स्वच्छतागृहातील बाईकडे मान वळवून पाहणारे किती असतात, हे आपल्यातील सफाई कामगार भगिनींना विचारा.

आठवडाभर राबणाऱ्या माणसाचा शनिवार म्हणजे काय, हे डिस्कोने ओळखले होते. १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीवर’ या चित्रपटाचा नायक ब्रुकलिनमधील रंगाच्या दुकानात नोकरी करणारा पोरगा आहे. आठवडाभर डबे उचलतो आणि शनिवारी रात्री दिव्यांच्या फरशीवर राजा होतो. हा चित्रपट ज्या मासिकातील लेखावर बेतला, तो लेख आपण बराचसा मनाने रचला होता, अशी कबुली लेखकाने पुढे १९९० च्या दशकात दिली. चित्रपटातला नायकही गोरा. त्यामुळे ज्यांनी हा नाच घडवला ती काळी माणसे जगाच्या नजरेतून बाजूला पडली. तरी त्यातील बी जीजच्या गाण्यांचे एक ऋण मानायला हवे. ‘स्टेइंग अलाइव्ह’चा ठेका मिनिटाला सुमारे १०३ असा आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी लागते. म्हणून प्रथमोपचाराच्या वर्गात हे गाणे मनात म्हणत दाबायला शिकवतात. नाचाचा ठेका जीव वाचवायलाही उपयोगी पडतो!

पैसा दिसू लागला की दारावर माणूस उभा राहतो. २६ एप्रिल १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘स्टुडिओ ५४’ सुरू झाला. नटनट्या, श्रीमंत, राजकारणी तेथे येऊ लागले. दाराबाहेर मखमली दोरी बांधली गेली. दोरीपलीकडे गर्दी, आणि अलीकडे उभा असलेला माणूस बोट दाखवी, “तू आत ये, तू नको.” आत खूप मजा होती, असे तेथे गेलेले आजही सांगतात, आणि ते खोटे नसावे. परंतु ती मजा निवडलेल्यांची होती.

त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री, ३१ डिसेंबर १९७७ रोजी, नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स हे दोन काळे संगीतकार या दारावर आले. गायिका ग्रेस जोन्सने त्यांना बोलावले होते. त्यांच्या ‘शिक’ या चमूची गाणी त्या काळी नाचाच्या जागी गाजत होती. पण यादीत नाव नाही म्हणून दारावरच्या माणसाने त्यांना परत पाठवले. ज्यांच्या गाण्यावर लोक नाचतात त्यांनाच नाचायला मज्जाव! दोघे घरी आले आणि रागाच्या भरात वाद्ये हाती घेऊन त्या दारवानाला शिव्या घालणारे गाणे वाजवू लागले. वाजवता वाजवता चाल जमली. शिवी काढून तिच्या जागी दुसरा शब्द घातला आणि ‘ल फ्रीक’ हे गाणे तयार झाले. १९७८ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले, लाखो प्रती खपल्या. २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते जतन करून ठेवण्याच्या यादीत घेतले. अपमान गिळून गप्प बसण्यापेक्षा त्याचे काय करता येते, याचा हा एक नमुना आहे.

स्टुडिओ ५४ चे पुढे काय झाले? डिसेंबर १९७८ मध्ये कर खात्याची धाड पडली. सुमारे २५ लाख डॉलर हिशेबात न दाखवता बाजूला काढल्याचा आरोप झाला. मालकांनी करचुकवेगिरीचा गुन्हा कबूल केला आणि १९८० मध्ये ते तुरुंगात गेले. दारावर एवढी कडक तपासणी ठेवणाऱ्यांनी वह्यांवर मात्र ठेवली नव्हती.

डिस्कोवर खरा घाव पडला तो शिकागोला. १२ जुलै १९७९ रोजी कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलचे दोन सामने होते. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने जाहीर केले की डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या साऱ्या तबकड्या स्फोटाने उडवून देऊ. सुमारे ५० हजार लोक जमले. स्फोट झाला, हजारो लोक मैदानात घुसले, खेळपट्टी उखडली गेली आणि दुसरा सामना रद्द होऊन प्रतिस्पर्ध्याला बहाल झाला. आपल्या मनात वर्णद्वेष नव्हता, असे डाल आजवर सांगत आला आहे. परंतु त्या दिवशी प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा व्हिन्स लॉरेन्स नावाचा काळा पोरगा तेथे होता. त्याने पाहिले की लोकांनी आणलेल्या ढिगात केवळ डिस्कोच्या तबकड्या नव्हत्या. काळ्या गायकांच्या, डिस्कोशी संबंध नसलेल्याही कितीतरी होत्या. कोणते गाणे नको यापेक्षा कोणाचे गाणे नको, हे त्याला त्या ढिगाने सांगितले.

पुढची गोष्ट आमच्या विशेष आवडीची आहे. हा पोरगा त्या कामातून पैसे साठवीत होता ते सिंथेसायझर हे वाद्य घेण्यासाठी. ते त्याने घेतले. शिकागोलाच ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा ब्राँक्सहून आलेला काळा तरुण डिस्कोच्या तबकड्यांतून नवा बाज काढत होता. त्या क्लबाच्या नावावरून या संगीताला ‘हाउस’ म्हणू लागले. १९८४ साली जेसी साँडर्स आणि व्हिन्स लॉरेन्स यांनी काढलेली ‘ऑन अँड ऑन’ ही हाउस संगीताची पहिली तबकडी मानतात. डिस्को ज्या शहरात जाळला त्याच शहरात तो नव्या नावाने उठला, आणि उठवणाऱ्यांत तो जागा दाखवणारा पोरगा होता. २००४ मध्ये शिकागोने वेअरहाउसजवळच्या रस्त्याला फ्रँकी नकल्सचे नाव दिले.

या आठवणींना दुःखाची किनारही आहे. १९८० च्या दशकात एड्स आला आणि त्या फरशीवर नाचलेले हजारो तरुण गेले. सिल्व्हेस्टर हा मोठा डिस्को गायक डिसेंबर १९८८ मध्ये याच आजाराने वारला. आपल्या गाण्यांचे मानधन एड्सच्या रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थांना मिळावे, असे तो लिहून गेला. त्या पिढीतील लोक डिस्कोची आठवण एवढ्या मायेने का काढतात, याचे एक कारण हे आहे. सोबत नाचलेले फार थोडे उरले आहेत.

हा ठेका आपल्याकडे कसा पोहोचला, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. बंगलोरचा बिद्दू नावाचा तरुण नशीब काढायला इंग्लंडला गेला. १९७४ साली त्याने जमैकात जन्मलेल्या कार्ल डग्लसकडून ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतले आणि ते जगभर गाजले. १९८० च्या ‘कुर्बानी’साठी त्याच बिद्दूने नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या पाकिस्तानी मुलीकडून गाणे गाऊन घेतले आणि हिंदी सिनेमात डिस्को शिरला. मग आले बप्पी लाहिरी आणि मिथुन चक्रवर्ती. ‘डिस्को डान्सर’ हा चित्रपट १९८२ च्या डिसेंबरातला. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला होता आणि गिरणगावातील सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले होते. श्रीमंताने चोरीचा आळ घेतलेल्या बाईचा, रस्त्यावर गाणारा पोरगा पुढे मोठा होतो, ही त्या चित्रपटाची कथा. ती चाळीत आणि झोपडपट्टीत का रुजली, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही शाळकरी पोरे असताना गल्लीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ रात्रभरासाठी भाड्याने आणीत. तीन-चार सिनेमे ओळीने चालत आणि त्यात एक मिथुनचा असेच. गाणे लागले की मोठी पोरे उठून टीव्हीच्या बाजूला नाचत. बँजो पार्टीवालेही तीच चाल वाजवीत. पंचतारांकित हॉटेलातला डिस्को आपल्यापैकी कोणाला परवडणार होता? पण गल्लीत दोरी नव्हती.

सांगावयाचे तात्पर्य असे की, नाच थिल्लर आहे की नाही हा वाद आपण पुष्कळ घातला. त्याहून महत्त्वाचा प्रश्न, नाचात कोण आहे आणि कोण नाही, हा आहे. आपल्या जयंतीत, हळदीत, विहाराच्या पटांगणातील कार्यक्रमात वर्तुळ धरून नाच होतो तेव्हा एकदा नीट पाहा. मुली कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवतात. आजी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत खुर्चीत बसलेली असते. आणि एखादा हळुवार चालीचा, नाजूक हातवारे करणारा पोरगा उत्तम नाचत असूनही, चार जण नक्कल करून हसतात म्हणून घरीच थांबतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलेल्या संवैधानिक नैतिकतेचा आधार घेतला होता. तो निकाल न्यायालयात झाला. आपल्या गल्लीतला निकाल आपल्या हाती आहे.

हॉलला मखमली दोरी लागत नाही. एक हसणे पुरते. तेव्हा पुढच्या कार्यक्रमात त्या पोराला घरी जाऊन बोलावून आणा, मुलींना मध्ये जागा करून द्या, आजीच्या हातातल्या पिशव्या घ्या. आणि डीजेवाल्याला आवाज थोडा कमी करायला सांगा, म्हणजे आजी उठून दोन पावले नाचेल.